डोंगराचं की समुद्राचं

दुपारपर्यंत तिसरी काच फुटली तेव्हा आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बये, त्या काचेवर तरी दया कर! रेघ मारायची तर मार, नाहीतर सरक बाजूला. उगाच तिच्या अंगावर ओरखडे काढत बसू नकोस."

काच कापायची तर टोकाला हिरा बसवलेली हिरकणी एकदाच फिरवायची असते, सरळ, एका दमात. मारलेल्या रेघेवर पुन्हा हात चालवला, की काच आपल्याला हवी तिथे तुटत नाही, तिच्या मनाला येईल तिथे तुटते. फ्रेमच्या दुकानात लहानाची मोठी झालेल्या मुलीला हे काय सांगायला हवं? पण त्या दिवशी हात मध्येच थांबत होता, मागे येत होता. पोरगी उठत होती, दारापर्यंत जात होती, परत येऊन पट्ट्यांचा नीट लावलेला ढीग उगाच हलवत होती. आत्याने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं ते काही उगाच नाही.

गोष्ट अशी होती की भिंगरीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. एक देशाच्या वरच्या टोकाला, डोंगरात. दुसरं खालच्या टोकाला, समुद्रावर. विषय दोन्हीकडे तोच, जमिनीखालच्या पाण्याचा. फी जवळपास सारखी, नावलौकिकही सारखाच. उद्या संध्याकाळपर्यंत एकाला हो म्हणायचं होतं. आता तुम्ही म्हणाल, मग यात एवढं घोडं कुठे अडलं? घोडं अडलं ते असं, की डोंगरात तिचे बाबा राहत होते आणि समुद्रावर तिची आई.

ती आठ वर्षांची असताना दोघं वेगळे झाले. "दोन महिने ठेव गं तुझ्याकडे, बस्तान बसेपर्यंत," असं बाबा आपल्या बहिणीला म्हणाले. आईही नणंदेला तेच म्हणाली. दोघांचीही बस्तानं छान बसली, नवी माणसं आली, नवे संसार झाले. ते दोन महिने मात्र दहा वर्षं चालले. भिंगरी आपली इथेच, खाली दुकान आणि वर घर.

म्हणून ती अभ्यासक्रम बघतच नव्हती. डोंगर म्हटलं की आईचा चेहरा समोर यायचा, समुद्र म्हटलं की बाबांचा. एकाला हो म्हणायचं म्हणजे दुसऱ्याला तोंडावर नको म्हणायचं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. चार दिवस तिला धड जेवण गेलं नव्हतं.

आणि आत्या? गिऱ्हाइकाने आणलेल्या लग्नाच्या फोटोकडे बघून हा संसार किती टिकेल ते सांगणारी ही बाई, याच बाबतीत मिठाची गुळणी धरून बसली होती. "मला त्यात ओढू नका," एवढंच. आत्याला आपलं काही पडलेलं नाही, हे भिंगरीला आतून लागलं होतं.

त्यातच काल बाबांचा फोन आला. "तू समुद्राचंच घे," ते म्हणाले. "मुलीला आई जवळ हवी. माझा विचार करू नकोस." आणि आज सकाळी आईचा. "डोंगरातच जा गं. हवा चांगली, आणि वडिलांचा आधार वेगळाच असतो. माझं काय, मी राहीन."

भिंगरीला भरून आलं. केवढी ही मनं! दोघंही दुसऱ्यासाठी आपला हक्क सोडत होती. या मोठेपणाचं काहीतरी चीज करायलाच हवं. तिसरी काच फुटली तेव्हा तिने ठरवूनच टाकलं, की पहिला फोन बाबांचा होता, तर बाबाच. ती दुकानातून घरात जाणाऱ्या जिन्यावर जाऊन बसली आणि फोन लावला.

"बाबा, ठरलं! डोंगराचं घेते. तुमच्याकडेच येते राहायला."

पलीकडे लहान मूल रडत होतं.

"अरे वा," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "हॉस्टेल मिळेल ना?"

"हॉस्टेल?"

"म्हणजे, घर लहान आहे गं. छोटा झोपू देत नाही कुणाला. तुझाच अभ्यास बुडायचा. तू नीट विचार कर."

असेल, खरंच लहान मूल आहे, असं तिने स्वतःला समजावलं. पण लगेच तिने आईला फोन लावला.

"आई, मी समुद्राचं घेते. तुझ्याजवळ."

"अगं, छानच!" आई म्हणाली. मग तिने विचारलं, "हॉस्टेल मिळेल ना?"

चहात साखर आधी की दूध आधी यावरही ज्या दोघांचं कधी एकमत झालं नाही, त्यांचा प्रश्न अक्षरन् अक्षर एकच निघाला. आई पुढे घरातल्या काकांना, म्हणजे तिच्या नव्या नवऱ्याला, पसारा कसा चालत नाही ते सांगत राहिली. भिंगरी हो हो म्हणत होती. तिच्या आता लक्षात येत होतं, की कालचा नि सकाळचा तो मोठेपणा नव्हताच. शेजाऱ्यांनी आपला केर एकमेकांच्या दारात लोटावा, तसं चाललं होतं ते.

खाली येऊन तिने आत्याला सगळं सांगितलं. सांगताना आधी हसली, मग हुंदक्यावर हुंदके आले. आत्या पट्टीला खिळा ठोकत होती. तिने हातोडी खाली ठेवली.

"तुला माहीत होतं?" भिंगरीने विचारलं.

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्या आईबापांना तू घरात नकोयस, हे माझ्या तोंडाने सांगू? आणि मी सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? आत्याला मला सोडवत नाही, म्हणून ती चुगल्या करते!"

भिंगरीने ओढणीने नाक पुसलं. "मग मी कुठेच जात नाही. पलीकडच्या कॉलेजात मिळेल ते घेते. इथेच राहते, तुझ्याकडे."

आत्याचा चेहरा क्षणभर असा काही खुलला, की भिंगरीला रडणं विसरायला झालं. पुढच्या क्षणी आत्या कडाडली.

"खबरदार! त्यांच्या रागापायी माझ्या काचा फोडत आयुष्य काढणारेस? काढून टाक त्या दोघांना डोक्यातून. मलाही काढ. मला काय, दोन्ही गावं इथून सारखीच लांब. आता बोल. तुला कुठे जायचंय?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिने स्वतःलाही नाही. समुद्राच्या विद्यापीठात पहिली दोन वर्षं प्रयोगशाळेत बसायचं होतं. डोंगरात पहिल्याच आठवड्यापासून झरे शोधत रानोमाळ हिंडवणार होते.

"डोंगर," ती म्हणाली. "बाबांसाठी नाही हं."

"त्यांना काय सांगशील?"

"की हॉस्टेल मिळालं."

आत्या फसकन हसली. भिंगरीने तिथेच उभ्या उभ्या फोनवर डोंगराला हो म्हणून टाकलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा स्टुलावर स्वस्थ बसली. पोटात भुकेची आग पडली होती.

आत्याने नवी काच फळीवर घेतली, माप लावलं, हिरकणी टेकवून रेघ ओढायला घेतली. आणि तिचा हात मध्येच थांबला. आत्याचा हात असा थांबलेला भिंगरीने कधी पाहिला नव्हता.

"भिंगरे," वर न बघता आत्या म्हणाली, "तिथे सुट्टी कधी लागते गं?"