उलटा उमटलेला त्रिकोण

प्रभाकररावांनी फळ्यावर नुसत्या हातानं काढलेलं वर्तुळ पाहायला दुसऱ्या वर्गातली मुलंही खिडकीशी गोळा होत. नाचणगावच्या शाळेत गणित म्हणजे प्रभाकरराव, हे पार वर्ध्यापर्यंत ठाऊक होतं. म्हणून दोन हजार आठ सालच्या जुलैत ते शिक्षकांच्या खोलीत ज्योत्स्नासमोर बसून म्हणाले, "मॅडम, मले हे जमून नाई राह्यलं," तेव्हा तिला आधी मस्करीच वाटली.

मस्करी नव्हती. आठवीत मोहिनी आली होती. लहानपणी आजारात तिचे डोळे गेले. नागपूरच्या अंधशाळेत ब्रेल शिकून ती आता घरी परतली होती. बीजगणित ती तोंडीच सोडवायची. भूमिती सुरू झाली की मात्र हात मांडीवर ठेवून गप्प बसायची.

"फळ्यावर काढतो अन् सवयीनं म्हणतो, हे पाह्य. काय पाह्यणार ती?" सर म्हणाले. "ते तुमचं ऑर्कुट का काय, त्यात मास्तर लोक असतात काय?"

ज्योत्स्नाची नोकरी नवी होती. ऑर्कुट या ओळखी-गप्पांच्या संकेतस्थळावर ती बी.एड.च्या मैत्रिणी शोधायला गेली होती. तिथं गणित शिकवणाऱ्यांचा एक समूह तिनं पाहिला होता, पण काही लिहायला ती धजावली नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोघं शेजारच्या पुलगावच्या सायबर कॅफेत गेले. सर सांगत होते, ज्योत्स्ना इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत होती. 'इतकी वर्षं भूमिती शिकवतो. पण न दिसणाऱ्या मुलीला त्रिकोण कसा शिकवावा हे मला येत नाही. कोणी शिकवाल का?' खाली सरांचं नाव-गाव टाकताना तिची बोटं थबकली.

"सर, 'येत नाही' असंच लिहू? तुम्हाला ओळखणारेही असतील यात."

"काऊन नाई लिहाचं? येत नाई ते नाईच येत."

पुढच्या शनिवारी उत्तरं आली होती. कोणी नुसतीच गुलाबाच्या फुलांची चित्रं पाठवली होती. कोणी लिहिलं होतं, अशा मुलांना सूट मिळते, भूमिती सोडून द्या. ते वाचून सर चष्मा काढून पुसत बसले. मग खाली सोलापूरच्या एका बाईंचं उत्तर दिसलं: ट्यूबच्या रबरावर कागद ठेवा, शिंप्याकडचं दातेरी चाक रेघेवरून दाबून फिरवा, रेघ बोटाला लागेल.

सरांनी टायरवाल्याकडून ट्रकच्या ट्यूबचा तुकडा आणला आणि शिंप्याच्या चाकानं उठवलेला त्रिकोण सोमवारी मोहिनीच्या हातात दिला. तिची बोटं ठिपक्यांवरून हळूहळू फिरली.

"आता डावीकडचा कोन धर. तो काटकोन हाय."

मोहिनीनं धरला, सोडला, पुन्हा धरला. "नाई सर, काटकोन उजवीकडे हाय. तुमचं डावं माह्याकडे उजवं होऊन राह्यलं."

खरंच होतं. रेघ कागदाच्या पाठीमागून वर आली होती. कागद पालटताच आकृती उलटी झाली होती. मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसलं. ज्योत्स्ना दारातून पाहत होती, तिला कानकोंडं झालं. सर मात्र खुशीत म्हणाले, "बरोबर पकडलं पोरी! चूक माही हाय."

आणि ती चूक त्यांनी जशीच्या तशी समूहात लिहायला लावली. आपला गाजलेला हात बाजूला ठेवून, एका मुलीनं आपल्याला कसं दुरुस्त केलं ते हा माणूस अनोळखी लोकांना सांगत होता. टाइप करताना ज्योत्स्नाला त्यांचा फार अभिमान वाटला.

यावेळी उत्तर आलं वर्ध्याजवळच्या सेलूच्या रूपराव नावाच्या शिक्षकाचं. 'कागदाखाली कार्बन पेपर उलटा ठेवा, शाई वर. आकृती काढा, ती मागे उमटेल. मग मागच्या रेघेवर चाक फिरवा. पुढून सुलटी येईल.' शेवटी लिहिलं होतं, 'सर, वर्ध्याच्या प्रशिक्षणात आपण कितीदा एका हॉलमध्ये बसलो असू. कधी बोललो नाही.'

"सेलूचा माणूस अन् भेट इथं!" सर हसले.

रविवारी रूपराव बसनं आले. सरांच्या ओसरीवर ज्योत्स्नासह तिघांनी मिळून पुस्तकातली एकेक आकृती उठवली. कार्बनची शाई तिघांच्याही मनगटापर्यंत गेली. सोलापूरच्या बाईंनी वर्तुळांच्या आकृत्या टपालानं पाठवल्या. दिवाळीनंतर मोहिनी समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय बोटांनी चाचपत, न अडखळता सांगू लागली आणि शेजारच्या मुली तिलाच अडलेलं विचारू लागल्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर समूहात परभणीच्या एका शिक्षकाचा प्रश्न आला: माझा अंध विद्यार्थी आकृती उलटसुलट धरतो, काय करू? सरांनी स्वतः उत्तर दिलं नाही. नत्थूजींची, म्हणजे मोहिनीच्या वडिलांची परवानगी घेऊन ते तिलाच कॅफेत घेऊन आले.

"सांग, काय लिहाचं?"

मोहिनीनं थोडा विचार केला. "कागदाचा वरचा उजवा कोपरा कापून ठेवा म्हणा. मंग वरची बाजू कोणती ते बोटालेच समजते. अन् एका कागदावर एकच आकृती. दोन असल्या की गोंधळ होते."

ज्योत्स्नानं ते लिहिलं. सरांनी खुर्चीवरून वाकून पडद्याकडे पाहिलं आणि आणखी एक ओळ टाकायला सांगितली: 'हे मी सांगत नाही. आठवीतली मोहिनी सांगते आहे.'