करवतीचा तिसरा स्क्रू

मका कापून झाला की योस जयंतीला त्याच्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरू देई. योस सत्तरीचा, एकटा राहणारा शेतकरी. फक्त पॉपलरच्या झाडांच्या रांगेपलीकडे जायचं नाही, एवढं त्याने बजावलं होतं. त्या दिवशी मात्र डिटेक्टर रांगेच्या टोकालाच वाजला आणि जयंती दोन पावलं पुढे गेली.

नांगर पोचतो त्याच्या जरा खाली एक पितळी चकती निघाली. शेजारी एका ओळीत तीन स्क्रू आणि कुजून काळं झालेलं लाकूड. त्याच्याही खाली बरंच लोखंड असल्याचा डिटेक्टरचा आवाज येत होता. पण त्याहून खोल खणायला इथे परवानगी लागते. तिने फोटो काढले, खड्डा बुजवला आणि सायकलवरून फेल्डहोवनला घरी आली.

नवरा आशुतोष याच्या नोकरीमुळे ती या परक्या देशात आली. आता जुनी सुतारी हत्यारं दुरुस्त करून विकायचा तिचा स्वतःचा व्यवसाय होता. चकती कसली हे तिला लगेच कळलं. जुन्या हातकरवतीच्या मुठीवर अशी चकती असते. तिच्यावर गरुड होता, पण असा गरुड अनेक कारखाने वापरत, त्यामुळे कंपनी सांगता येईना. काळ सांगितला तो स्क्रूंनी. दोन स्क्रूंच्या पितळी नटांवर आडवी चीर होती.

"अशा चिरेचे नट एकोणिसाव्या शतकानंतर फारसे दिसत नाहीत," ती आशुतोषला म्हणाली.

तिसऱ्यावरचा गंज खरवडला, तेव्हा आत षट्कोनी खाच दिसली.

आशुतोष वाकून पाहू लागला. "हा तर आपल्या सानिकाच्या पलंगाला आहे तसला स्क्रू. मग करवत जुनी नाही?"

"करवत जुनीच आहे. कोणीतरी ती अलीकडे दुरुस्त केलीय. आणि मग पुरलीय."

"हरवली असेल गं."

"एवढ्या खोल? आणि खाली अजून काहीतरी आहे."

तरी दुसऱ्या दिवशी ती योसकडे गेली. त्याच्या जमिनीतली वस्तू, त्याला दाखवायला हवी. योसने कॉफी दिली, चकती तळहातावर घेतली, अंगठ्याने पुसली.

"आजोबांची करवत," तो म्हणाला. "हारी घेऊन गेला. माझा भाऊ. कॅनडाला."

"करवत कॅनडाला नेली?"

"सगळी हत्यारांची पेटीच."

बोलून झाल्यावर तो थबकला.

"कुठे मिळाली?"

"तिकडे, ओढ्याच्या बाजूला," जयंती खोटं बोलली.

"नाही," योस शांतपणे म्हणाला. "शेवटच्या पॉपलरपाशी." त्याने मूठ मिटली. "खाली खणलंस?"

"नाही."

"बरं केलंस. कॉफी पी."

जयंतीने कप खाली ठेवला. तो तिच्याकडे पाहत नव्हता, खिडकीबाहेर पाहत होता. सानिकाला शाळेतून आणायचंय असं सांगून ती उठली. तिने दार उघडलं, तेव्हा पाठीमागे खुर्ची सरकली. मागे न पाहता तिने सायकल हाणली. रस्त्याच्या वळणावर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, तशी तिने वळून पाहिलं. पुढे माती उकरायचं मोठं खोरं लावून योस पॉपलरच्या दिशेने निघाला होता.

तिने तिथूनच पोलिसांना फोन केला, फोटो पाठवले.

पोलीस पोचले तेव्हा योसने पेटी वर काढली होती आणि तो खड्ड्याच्या काठावर बसून होता. पेटीखाली हारी होता. जमिनीच्या वाटणीवरून भांडण झालं होतं, हे योसने स्वतःच सांगितलं. पेटीही पुरली, म्हणजे हारी हत्यारं घेऊन कॅनडाला गेला असं लोकांना वाटेल.

जबाब द्यायला जयंतीला शेतावर परत बोलावलं. पॉपलरपाशी पांढरा तंबू उभा होता. योसला गाडीत बसवताना त्याची नजर तिच्यावर गेली. शेजारी शेजाऱ्याला करतो तसा त्याने हात वर केला. जयंतीचाही हात उठला, अर्ध्यावर थांबला आणि कोटाच्या खिशात गेला.