एकही तक्रार नसलेली गाडी

"वहिनी, तक्रार लिहून द्यायची नाही हं. मी आहे ना तिथे? नुसती चावी माझ्या हातात द्यायची आणि निर्धास्त घरी जायचं."

भाऊजींचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. ट्रकच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते काउंटरवर बसतात. आलेल्या गाडीच्या मालकाचं म्हणणं ऐकायचं, ते कॉम्प्युटरवर चढवायचं आणि गाडी आत मेकॅनिककडे पाठवायची, हे त्यांचं काम. गळ्यात टाय, इस्त्रीचा शर्ट. हे कौतुकानं त्यांना 'आमचे साहेब' म्हणायचे.

आमचा ट्रक भाऊजींनीच निवडून दिला. उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर ह्यांची ही पहिली स्वतःची गाडी. हे काचा वाहतात. कारखान्यातून निघालेल्या दारांएवढ्या काचा उभ्या लावायच्या, मध्ये फोमच्या पट्ट्या घालायच्या, दोरांनी आवळायच्या आणि मग रस्त्यातला खड्डा न् खड्डा चुकवत न्यायच्या. ह्यांच्याशेजारी बसलं की झोप लागते, इतका हलका हात.

वॉरंटी चालू होती तेव्हाच गाडी तेल जास्त प्यायला लागली. मग सकाळी सुरू केली की आतून बारीक ठकठक यायची. दाराच्या कडीवर कुणी बोटानं वाजवावं तशी. हे म्हणाले, "रीतसर नंबर लावून दाखवून घेऊ."

भाऊजी हसले. "दादा, नंबर परक्यांनी लावायचा. घरच्या माणसाला कसला नंबर?"

संध्याकाळी वर्कशॉपची गर्दी ओसरली की ते गाडी आत घ्यायचे, कुणाकडून तरी काहीबाही आवळून घ्यायचे, तेलाची भर घालायचे आणि परत द्यायचे. पैसे काढले तर रागवायचे. एका सुट्टीच्या दिवशी तर बाह्या सरसावून त्यांनी आपल्या अंगणातच आमच्या ट्रकचं तेल बदललं. गाडी 'बरी' होऊन आली की चार दिवस ठकठक दबायची. आम्हाला तेवढ्यानं समाधान. रोज देवापुढे बसले की मी भाऊजींसाठी एक नमस्कार जास्तीचा घालत असे. असा दीर कुणाच्या वाट्याला येतो?

वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांनी, भर चढावर इंजिन फुटलं. आतला दांडा तुटून इंजिनच्या पोटातून बाहेर आला आणि रस्त्यावर काळं तेल पसरलं. मागची एकही काच तडकली नव्हती. ओढून आणलेल्या गाडीतून हे उतरले तेव्हा पहिलं वाक्य तेच बोलले, "माल शाबूत आहे."

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर मीही वर्कशॉपमध्ये गेले. मॅनेजर सभ्य होता. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"काका, इंजिन नवीनच टाकावं लागेल. आणि वॉरंटी संपलीय." मग त्यानं जो आकडा सांगितला, त्यात जुना ट्रक उभा राहिला असता.

"पण आवाज आधीपासूनचा आहे," हे म्हणाले. "वॉरंटीत होती तेव्हापासून दाखवतोय आम्ही."

मॅनेजरनं कॉम्प्युटरवर पाहिलं. "तुमच्या गाडीवर एकही तक्रार नाही. इतकी निरोगी गाडी आमच्याकडे दुसरी नसेल! गाडी जोरात हाणलीत का? माल जास्त भरत होतात?"

"मी काच वाहतो, साहेब. गाडी हाणली तर आधी माझाच माल फुटेल."

त्याला ते पटलं असावं, कारण त्याचा आवाज उतरला. "हे बघा, वॉरंटीतली एक जरी तक्रार चढलेली असती, किंवा आमच्या माणसानं नुसतं सांगितलं असतं की हो, आवाज होता, तरी मी वर पाठवलं असतं. मुदतीत सुरू झालेला बिघाड कंपनी धरते."

त्यांचा माणूस काउंटरवर बसलेला होता, सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं. भाऊजींनी टायची गाठ चाचपली.

"सांग की रे," हे म्हणाले.

"मला तसं आठवत नाही काही," भाऊजी म्हणाले. "दादाची गाडी फारशी आलीच नव्हती इकडे."

ते समोरच्या कॉम्प्युटरकडे बघत बोलले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ह्याच तोंडानं 'वहिनी, अजून एक वाढा' म्हणत हा माणूस माझ्या हातचं जेवला आहे.

घरी आल्यावर हे पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणाले, "शाळेत जाताना ह्याचे पाय दुखायचे. खांद्यावर बसवून न्यायचो मी."

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, तोही माझ्या मोबाइलवर. "वहिनी, सगळ्यांसमोर कसं बोलणार मी? दादाला जरा समजवा. मी आतून काय होतं ते बघतो."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला म्हणावं, आतून बघितलंस तेवढं बास झालं. आता भोक पडलंय, बाहेरूनच दिसतं." आणि हसले. ते हसणं मला ऐकवलं नाही.

भाऊजींचं 'बघतो' काही पुढे सरकलं नाही. गाडी वर्कशॉपच्या आवारात धूळ खात होती, मॅनेजर ती हलवा म्हणत होता. शेवटी ह्यांनी भंगारवाल्याशी बोलणी केली. तो दुसऱ्या दिवशी येऊन गाडी नेणार आणि हे पुन्हा कुणाच्या तरी ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागणार, असं ठरलं.

त्या दुपारी धाकटी जाऊ आली. समोरच्याच ओळीत घर त्यांचं. मी पालेभाजी निवडत होते, तीही खाली बसून निवडू लागली. स्वभावानं मोकळी आहे, पोटात काही राहत नाही तिच्या.

"ताई, तुमच्या घरात हे असं झालेलं, आणि मी आपली आनंदाचं सांगायला आलेय. पण बाहेरून कळलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. ह्यांना कंपनीचं बक्षीस मिळालंय. दोघांना विमानानं सहल!"

"अगं वा. कशाबद्दल?"

"सगळ्या वर्कशॉपांत वॉरंटीचा खर्च म्हणे ह्यांच्या काउंटरवर सगळ्यात कमी. तक्रारीच नाहीत! मी म्हटलं, घरी तर माझ्या इतक्या तक्रारी असतात, त्या नाही वाटतं मोजत?"

ती एकटीच हसली. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आमची होती गं तक्रार," मी म्हणाले. आवाज चढवायची मला सवय नाही. "भाऊजी म्हणाले, लिहून देऊ नका. म्हणून नाही दिली."

तिला आधी अर्थ लागला नाही. मग चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

"ताई, आमच्या अंगणात तेल बदललं ना, तेव्हा खाली घमेलं मी धरलं होतं. तेलात काहीतरी चमचम करत होतं. मी म्हटलं, अगं बाई, सोनं निघालं की काय! तर ह्यांनी ते बोटानं चोळून पाहिलं. म्हणाले, 'लोखंड झिजतंय आतलं. दादाला बोलू नकोस, उगाच घाबरेल. एक महिना निघाला की सुटलो.' मला वाटलं, महिन्याभरात गाडी बरी होत असेल."

त्या महिन्यात काय संपत होतं ते आम्हा दोघींना एकदमच उमगलं. इतके दिवस मला वाटत होतं, भाऊजी भित्रे निघाले. भित्र्या माणसाला मी माफ केलं असतं. पण त्यांनी तर लोखंडाचा चुरा बोटानं चोळून पाहिला होता, दिवस मोजले होते, आणि त्याच संध्याकाळी माझ्या घरी येऊन चहा घेतला होता.

"मी जाऊन सांगते मॅनेजरला," धाकटी म्हणाली.

"वेडी आहेस का? त्यांची नोकरी जाईल. तुझा संसार आहे."

"आणि तुमचा नाही?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "ताई, उद्या मला काही झालं तर मलाही हेच म्हणतील ना, एक महिना काढ? सख्ख्या भावाला म्हणाले. भंगारवाला यायच्या आत जाते मी. शब्द देते तुम्हाला."

"असले शब्द देऊ नये गं."

"दिला. आता काय करता?"

ती गेली. रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. महिन्याचंही सांगितलं. हे बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिले. "मोजून मारलं म्हणायचं," एवढंच बोलले. मग हात धुताना म्हणाले, "तिला ह्यात ओढू नकोस. माझा भाऊ गेला, तिचा नवरा तरी राहू दे."

देवापुढे बसले, पण काय मागावं तेच सुचेना. गाडी मागावी तर धाकटीचं घर पणाला लागतं. काही मागू नये तर ह्यांचं आयुष्य भंगारात जातं. रोजचे नमस्कार घातले. एक कमी घातला, आणि तोही बोचत राहिला. धाकटी जाणार नाही अशी मी मनाची समजूत घातली. तावातावानं दिलेला शब्द सकाळपर्यंत निवतो, आणि ते बरंच असतं.

सकाळी हे केबिनमधलं सामान काढून घ्यायला लवकरच निघून गेले. भाऊजींची स्कूटर माझ्यासमोरून गेली. टाय वाऱ्यावर उडत होता, नजर सरळ रस्त्यावर. मी फाटकापाशी झाडत होते, ती तिथेच रेंगाळले.

थोड्या वेळानं समोरचं दार उघडलं. धाकटी बाहेर आली. साधी साडी, केस घट्ट बांधलेले. तिनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली पर्समध्ये टाकली. तिला मी दिसले. हाक मारून थांबवावं असं मनात आलं, ओठांपर्यंत आलंही. तिनं डाव्या हाताच्या बाजाराकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि उजवीकडे, वर्कशॉपकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे, शांतपणे चालू लागली.