बरोबरीचं वजन

रितिकाचं वजन अडीच किलो जास्त भरलं आणि नागपुरात सदरमधल्या हॉटेलच्या हॉलमध्ये एकच गलका झाला. लढत होती बावन्न किलोंच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी, आणि काटा दाखवत होता साडेचौपन्न. केसातल्या पिना काढून, श्वास रोखून ती पुन्हा उभी राहिली, तरी काट्याला काही दया आली नाही. आता रितिका जिंकली तरी पट्टा तिला मिळणार नव्हता. मिळाला तर फक्त तिच्याशी लढणाऱ्या रोशनीला. आणि रोशनी नाही म्हणाली, तर लढतच होणार नव्हती.

"नाही म्हण," बाबारावसर म्हणाले. वाडीतल्या एका गोडाऊनच्या मागच्या अंगणात सात वर्षं त्यांनीच रोशनीला घडवलं होतं. "उद्या संध्याकाळपर्यंत खाऊनपिऊन ती साठले टेकते. काहून जीव धोक्यात घालून राहिली?"

"पट्ट्याची लढत नागपुरात पुन्हा कोण आणून देणार आहे मले, सर?"

रोशनी तीस वर्षांची होती. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अकरा लढती जिंकलेली, तीन हरलेली. तिन्ही वेळा समोरची अंगानं थोराड होती. लोक म्हणत, पोरगी हुशार आहे, पण चिमुकली आहे. त्या 'पण'ची तिला मनस्वी चीड होती. तिनं लढतीच्या कागदावर सही केली.

आणि घरी जाऊन तिनं असा शहाणपणा केला, जो फक्त बॉक्सरच करू जाणे. बाकीच्या बॉक्सर वजन उतरवायला अंगातलं पाणी सुकवतात आणि काट्यावरून उतरल्या की भरून काढतात. रोशनीनं काही सुकवलंच नव्हतं. ती मुळातच बावन्नची. तरी ती भरायला बसली. तिची आई सिंधूताई वाढत गेली, मटण, भात, पाटवड्या, पुन्हा भात. लेक पहिल्यांदाच "पुरे" म्हणत नाही हे पाहून माउलीचा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊनमधल्या पार्सलच्या काट्यावर उभं राहून रोशनीनं मोठ्या ऐटीत सरांना आकडा दाखवला. साडेचौपन्न.

सरांनी कपाळावर हात मारला. "हे काय करून बसली वं?"

"तिच्या बरोबरीले यायचं होतं."

"आता पाय कोण उचलणार, मी?"

पण खाल्लेलं काही परत काढता येत नव्हतं.

संध्याकाळी पहिले तीन राऊंड रोशनी पाय रोवून उभी राहिली आणि ठोशाला ठोसा देत गेली. आपल्या शहराच्या डोळ्यांदेखत तिला एकदाचं मोठं व्हायचं होतं. रितिकाचा एक ठोसा तिच्या तीन ठोशांना भारी पडत होता. तिसऱ्या राऊंडमध्ये बरगडीखाली असा एक बसला, की जेवण गळ्याशी आलं.

कोपऱ्यात सरांनी तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. "अजून एक राऊंड अशी उभी राहिली तं मी टॉवेल टाकतो. पट्टा गेला उडत."

"थांबवू नका, सर."

"मंग हाल. ती मोठी आहे तं तिले राहू दे मोठी. हवेत मारू दे तिले. चुकलेल्या ठोशानं खांदा थकते, बाई."

रोशनीला राग आला, स्वतःचाच. सात वर्षं पाय शिकली, आणि ऐन दिवशी तेच विसरून बसली होती.

चौथ्या राऊंडमध्ये ती हलली. डावीकडे एक पाऊल, डोकं खाली, पोटात दोन ठोसे, आणि रितिकाचा उजवा हात पोहोचेपर्यंत तिथून पसार. आधी पाय जड वाटले, पाचव्या राऊंडमध्ये सैल झाले. सहाव्यात लोक हसायला लागले, कारण रितिका जिथे मारी तिथे कोणी नसेच. आठव्यात रितिकानं तिला मिठीच घातली. रेफ्री येऊन सोडवेपर्यंत बॉक्सर असा दम खातात. सगळा भार रोशनीवर टाकून ती कानाशी धापा टाकत म्हणाली, "रुक ना यार, थोडा."

रोशनी चपापली. अंगानं मोठ्या पोरींना अशी विनवणी आजवर तिनं मनातल्या मनात कितीदा केली होती. तिला रितिकाची दया आली, पण ती थांबली नाही.

दहा राऊंड झाले. एका पंचानं कौल रितिकाला दिला, दोघांनी रोशनीला. सरांनी स्वतःच्या हातानं रोशनीच्या कमरेला पट्टा बांधला. खाली सिंधूताई मोठ्यानं रडत होती आणि तिला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

रितिका सुजलेल्या डोळ्यानं जवळ आली. "माफ करना. चार दिन ठीक से पानी नहीं पिया, फिर भी वजन नहीं उतरा. अगली बार पूरा बावन करके आऊँगी."

रोशनीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ओठ फुटले होते बिचारीचे.

"इतना मत सूख," ती म्हणाली. "जितनी है, उतनीच आ जा."