नांगरावरचा ताप

स्वप्नालीचं लग्न दोनदा पुढे ढकललं, ते साल. पहिल्यांदा लॉकडाऊनमुळे आणि दुसऱ्यांदा बाप जहाजावरून सुटला नाही म्हणून. स्वप्नाली माझी भाची, धाकट्या भावाची एकुलती मुलगी. तिसरा मुहूर्त जूनच्या सुरुवातीचा धरला होता, आणि मे महिन्यात माझ्या भावाचं, शशिकांतचं जहाज सिंगापूरला येऊन नांगरून पडलं.

“आक्का, बाल्कनीत उभी ऱ्हव,” तो फोनवर म्हणाला. “हिरव्या रंगाचा, चार क्रेनींचा जहाज. दिसता काय?”

“हिरवी तीन आसत रे.”

“मधला. थांब, मी बॉयलरसूट हलवतंय. दिसलंय?”

“दिसलंस, दिसलंस.”

दिसला नव्हता. अख्खं जहाजच माझ्या बोटाच्या पेराएवढं होतं. पण तो भर उन्हात डेकवर उभा राहून कपडा हलवत होता, त्याला नाही कसं म्हणायचं?

“गुरवारी उतरतंय,” तो म्हणाला. “कंपनीन विमान केल्यान. थेट मुंबई.”

“हय येशीत मा घराक?”

“नाय गो. लाँचीतसून बस, बसीतसून विमान. मधी खय थांबूक देणत नाय. तू आपला हात कर वरसून.”

तेव्हा मी सिंगापूरला सुबोधकडे, माझ्या मुलाकडे राहत होते. मरीन परेडला चौदाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे, समोर समुद्र. सुबोध पूर्वी जहाजावर चीफ इंजिनिअर होता, मग रॅफल्स प्लेसला जहाजं चालवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात लागला. कुठल्या जहाजावर कुठली माणसं चढवायची, कुणाला कधी घरी पाठवायचं, हे त्याच्याकडे. शशिकांत त्याच कंपनीच्या जहाजावर फिटर होता. फिटर म्हणजे इंजिनरूममधले पाइप, पंप, वेल्डिंग बघणारा माणूस. ऑफिसरांच्या टेबलावर तो जेवत नाही.

आधीच्या वर्षांत जहाज इथं लागलं की तो सुट्टी काढून किनाऱ्यावर यायचा. आला की आधी हात धुवायचा आणि मग घरभर फिरून काय बिघडलंय ते विचारायचा. गळका नळ, कुरकुरणारं दार, माझ्या नातीच्या, मैत्रेयीच्या सायकलची साखळी, काहीतरी सापडलं की खूश. सोफ्यावर बसायचा नाही, फरशीवर पाय पसरून बसायचा. मी बांगडे तळायचे. सुबोध संध्याकाळी ऑफिसातून येई तेव्हा मामा निघून गेलेला असे, कारण सुबोध उशिराच येई. ज्या पोराला यानंच बोट धरून बंदरावर नेलं, पहिल्यांदा इंजिनरूम दाखवली, त्या पोरानं ऑफिसात कधी सांगितलं नाही की तो फिटर माझा मामा लागतो. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “आई, उगाच लोकांना वाटतं फेव्हर करतो म्हणून.” शशिकांतला हे ठाऊक होतं. तो म्हणायचा, “बरोबर आसा तेचा.”

रविवारी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा आवाज निराळा होता.

“आक्का, ताप इलो हा. आणि पोटात दुखता. कोणाक सांगू नको.”

“कप्तानाक सांगितलंस?”

“खुळी की काय? ताप म्हटल्यार सगळे त्या रोगाचा नाव घेतले. जहाज वायला काढून ठेवतले. कोणच उतरूचो नाय. एकवीस माणसा आसत गो, वर्सा झाली घर बघूक नाय. ती माका काय म्हणतीत? आणि स्वप्नालीचा लगीन?”

रात्रीच्या जेवणापर्यंत मी गप्प राहिले. मेधा, माझी सून, पानं घेत होती. मेधा विद्यापीठात कायदा शिकवते. तेव्हा ती प्रबंध लिहीत होती, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या राज्यांनी आपापल्या बंदरांसाठी जे कायदे केले त्यांवर. कॉलेज घरीच आलेलं, त्यामुळे जेवायच्या टेबलावर तिचे कागद असायचे आणि जेवताना आम्हाला कायदे ऐकायला मिळायचे. मला ऐकायला आवडे. मी अक्षरं शिकले तीच चाळिशी उलटल्यावर, शशिकांतची पत्रं शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायचा कंटाळा आला म्हणून.

“आई, आज गंमत वाचली,” मेधा म्हणाली. “पिठाची पिंपं तपासायची, वर शिक्का मारायचा, की माल मोकळा. पण परदेशातून आलेला गरीब माणूस उतरवायचा, तर कप्तानाने हमी लिहून द्यायची की हा शहराच्या गळ्यात पडणार नाही. आणि दक्षिणेकडच्या एका राज्यात तर काळा खलाशी आला, की जहाज बंदरात असेपर्यंत त्याला तुरुंगात ठेवायचे. वर कोठडीचा खर्च कप्तानाकडून.”

“त्याने करायचं काय पण?” मी विचारलं.

“काही नाही. काळा असायचं.”

“आम्ही निदान एसी केबिन देतो,” सुबोध म्हणाला.

“पप्पा, नॉट फनी लाह,” मैत्रेयी इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली. ती तेव्हा बारा वर्षांची होती.

“आणि ताप असला तर?” मी विचारलं. “जहाजावर कुणाला ताप आला तर काय करायचे ते लोक?”

मेधाला प्रश्न आवडला. “त्याचे तर केवढे कायदे आहेत. बंदरात येताना आरोग्य अधिकारी विचारणार, कुणी आजारी आहे का. कप्तानाने खरं सांगायचं. मग जहाज लांब, ठरलेल्या जागी नांगरायचं. खोटं सांगितलं तर दंड.”

“मग सांगायचे खरं?”

“कसले सांगतात. जहाज अडकलं तर नुकसान. लपवायचे.”

“शशीला ताप आहे,” मी म्हटलं. “पोटात दुखतंय. सुबोध, त्याला उतरव.”

सुबोधने घास ताटात ठेवला. उठला, बेडरूममध्ये गेला आणि दार लोटून घेतलं. तो काय बोलला ते सगळं ऐकू आलं नाही. “हो मामा... नाही, नाही लिहीत मी... पॅरासिटामॉल आहे ना? तेच घ्या... चार दिवस काढा कसेही.” बाहेर आला तेव्हा मोकळा वाटला.

“गॅसेस झालेत म्हणतो.”

“डॉक्टर पाठव.”

“आई, डॉक्टर चढला की रिपोर्ट येणार. रिपोर्ट आला की क्रू चेंज रद्द. जहाज क्वारंटाइन, विमान गेलं, जहाज भाड्याने घेतलेली पार्टी माझ्या डोक्यावर. आणि मामालाच नकोय ते. विचार त्याला. त्याला लग्नाला पोचायचंय.”

“तो पोचायला हवा ना.”

“पोचेल. मी आहे ना इथे.”

मेधा म्हणाली, “सुबोध, कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. इथल्या कायद्यानं.”

“तू तुझं दोनशे वर्षांपूर्वीचं बघ ना.”

मेधाने कागद आवरले आणि ताटं उचलली. आजही मला त्याच्या बोलण्यापेक्षा तिच्या ताटं उचलण्याचा राग जास्त येतो. त्याला काय माहीत होतं? तिला सगळं माहीत होतं.

सोमवारी मी सुबोधच्या मागे पुन्हा लागले. तो बूट घालता घालता “हो, बघतो” म्हणाला आणि गेला. त्याच दिवसांत कोकणात वादळ झालं. गावची लाइट गेली, फोन लागेनात. शशिकांत स्वतःचं दुखणं सोडून तेच विचारत होता. “कौला उडाली असतली गो. जया आणि चेडू एकटीच आसत.” जया त्याची बायको, चेडू म्हणजे स्वप्नाली. बोलताना तो मध्येच थांबत होता. माणूस दुखणं गिळतो तेव्हा थांबतो तसा.

मंगळवारी संध्याकाळी तो आनंदात होता.

“आक्का, दुखाचा थांबला बघ. एकदम थांबला. मी म्हणत नव्हतंय?”

“ताप?”

“ताप आसा थोडो. पण पोट गप बसला. आता परवा विमान.” मग म्हणाला, “पोरगी सासरी जाताना रडाचा नाय असा ठरवलंय. पण जमाचा नाय माका.”

“रड मेल्या. बाप मा तू.”

तो हसला. हसताना त्याला खोकल्यासारखं काहीतरी झालं आणि त्याने फोन ठेवला.

बुधवारी सकाळी मी देवापुढे दिवा लावत होते. अनोळखी नंबर होता.

“आक्का का? मी विक्रांत. मामांच्या जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. त्यांनी तुमचा नंबर दिला होता.” पोरगा रडत होता. “आक्का, सगळे त्यांना मामाच म्हणायचो आम्ही. चहाला आले नाहीत म्हणून केबिनमध्ये गेलो...”

कप्तानाने तेव्हा बंदराला कळवलं. मी बाल्कनीत उभी होते. पांढरी बोट किनाऱ्याकडून निघाली आणि सरळ त्या हिरव्या जहाजाला जाऊन लागली. किती लवकर आली. बोलावलं असतं तर रविवारीही तेवढ्याच लवकर आली असती.

मेलेल्या माणसाला उतरायला बंदी नव्हती. जहाजाच्या क्रेनने स्ट्रेचर बोटीत सोडलं, असं विक्रांतने सांगितलं. हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली. तो रोग नव्हताच. अपेंडिक्स फुटलं होतं. दुखायचं थांबलं ते फुटल्यामुळे. डॉक्टर सुबोधला म्हणाला की वेळेवर आणलं असतं तर साधं ऑपरेशन होतं, आठवड्याने घरी. मग त्याने विचारलं, कंपनीतर्फे तुम्ही आलात का? सुबोध म्हणाला, “माय अंकल.” कंपनीला ते त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर तो सोफ्यावर बसून राहिला. “नियमच असे होते आई,” तो म्हणाला. “काय करणार होतो मी?”

“नियम तर सांगा म्हणत होता,” मी म्हटलं. “आजारी माणूस आहे तर सांगा, एवढंच.”

तो बेडरूममध्ये गेला. मी आत गेले नाही.

जयाला दोन दिवस कळवताच आलं नाही. गावात फोन चालू झाले तेव्हा मीच बोलले. तिने पहिल्यांदा विचारलं, “विमानात बसले?”

सिंगापूरच्या मंडाई स्मशानात आम्ही मोजकी माणसं होतो. अस्थी घेऊन जायला पुढे चार महिने लागले. बाकीचा क्रू आणखी काही दिवस अडकला आणि मग सुखरूप घरी गेला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. स्वप्नालीच्या सासरचे वर्षभर थांबायला तयार नव्हते. त्यांनी दुसरी मुलगी बघितली.

मेधाचा प्रबंध पुरा झाला. पहिल्या पानावर तिने मामाचं नाव घातलंय, आदरपूर्वक. मला आणून दाखवलं. मी वाचलं आणि परत दिलं. त्याच महिन्यात मी गावी आले ती इथेच आहे.

माझा भाऊ शशिकांत भिकाजी मेतर, फिटर, वय अठ्ठावन्न, बुधवार दिनांक १९ मे २०२१ रोजी सिंगापूरच्या बंदरात, किनाऱ्यासमोर नांगरलेल्या जहाजावर, आपल्या केबिनमध्ये वारला.