उघड्या गाडीतली हाक

दयाराम शेठला दोन गाड्या आवडल्या होत्या आणि ठेवायची होती एकच. एवढीशी गोष्ट, पण तिच्यापायी शेठनं पंधरा दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं. साल अठ्ठावन्न. मुंबईत मोटारवाल्यांचा एक क्लब होता. महिन्यातून एका रविवारी तो जुन्या विमानतळाची धावपट्टी मागून घ्यायचा आणि हौशी लोक आपापल्या गाड्या तिथं जीव खाऊन पळवायचे. बक्षीस नाही, काही नाही, नुसती हौस. तेवढ्यासाठी शेठला गाडी हवी होती. म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याकडून दोन्ही गाड्या चालवून बघायला आणल्या आणि थळच्या बंगल्यासमोर उभ्या केल्या. ओहोटी लागली की थळची ओली वाळू फरशीगत घट्ट होते. तिच्यावर पळवायच्या आणि ठरवायचं.

दोन्ही विलायती, दोन्ही दोन माणसांच्या. एक बाटलीच्या रंगाची हिरवी, तिला पक्कं टप. शेठ तिला ऐटीत कूपे म्हणायचा. दुसरी सायीच्या रंगाची, उघडी, कापडी हूड मागं दुमडून ठेवलेलं. भागोजी सरळ बंद आणि उघडी म्हणायचा.

भागोजी म्हणजे शेठचा मेकॅनिक, थळच्याच कोळीवाड्यातला. थोरला भाऊ सदा होडीसकट बुडाला, तेव्हा आईनं ह्याला दर्यावरून उचलून मुंबईच्या गॅरेजात नेऊन टाकलं. आता इंजिनाच्या आवाजावरून तो गाडीचं दुखणं सांगायचा. शेठला त्याचं भारी कौतुक. पाहुण्यांना सांगायचा, "आमचा भागोजी कोळी आहे, पण भूतबीत काय मानत नाय, हां!" भागोजी मान खाली घालून हसायचा. मानत कसा नव्हता? चांगला मानत होता. पण कौतुक कुणाला नको असतं हो?

रविवारी अकराच्या सुमाराला पाणी उतरलं. कोळणींनी बोंबील वाळत घातले होते, तिथून निघायचं, दोन मैलांवरच्या काळ्या खडकाला वळसा घालून परत यायचं. शेठ चालवणार, भागोजी शेजारी घड्याळ घेऊन बसणार.

आधी बंद गाडी. काचा वर केल्या आणि आत नुसती भट्टी. इंजिनाचा आवाज डोक्यात घुमत होता. पण वळणावर गाडी जराही हलली नाही, टपानं सगळं अंग आवळून धरलं होतं. भागोजी मनात म्हणाला, हीच.

मग उघडी. शेठ आधीच खूश. वारा, ऊन, समोर खांदेरीचा किल्ला, आणि कोळीवाडा बघतोय! वळणावर मात्र गाडीचं अंग पिळलं, दारं करकरली. भागोजी ते ऐकायला वाकला, आणि खडकाच्या पाण्याकडच्या बाजूनं हाक आली.

"भाग्याऽ!"

एकदाच. भर दुपारी, साठच्या वेगात, इतकी स्वच्छ की जणू कुणी खांद्याशी तोंड आणलं होतं. त्याला भाग्या म्हणणारा जगात एकच होता, आणि तो ह्याच खडकावर होडी फुटून गेला होता.

भागोजीनं जीभ दातांखाली धरली. कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पाण्याकडून एक हाक आली तर ओ द्यायची नाही, मान वळवायची नाही. जिता माणूस पुन्हा हाक मारील, तिसऱ्यांदाही मारील. बुडालेल्याला एका वेळी एकच हाक मारता येते, आणि त्या एकीला ओ मिळाली की तो माणूस त्याचा. भागोजी घड्याळाकडे बघत बसला. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं नव्हे. दादाचा आवाज बारा वर्षांनी ऐकला होता.

गाडी थांबली तरी शेठ उतरेना.

"भागोजी, तू ऐकलं काय?"

"काय, शेठ?"

"मला कोणी तरी दयू म्हटलं. तिथं, खडकाजवळ." शेठचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "दयू फक्त माझी आई म्हणायची, माझी बा. रेवसच्या बोटीबरोबर बुडाली, त्याला वीस वर्षं झाली. बंद गाडीत काय ऐकू आलं नाय. हिच्यात आलं. कमाल छे!"

भागोजी घाईनं त्याच्याकडे वळला. "तुमी ओ दिली काय, शेठ?"

"वळणावर होतो रे, स्टिअरिंग सांभाळू का बोलू?"

आता बघा, इथं बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण शेठ म्हणणार, अरेरे, तूसुद्धा? पाहुण्यांपुढं सांगायचं मग काय उरलं? भागोजीनं गाडीच्याच गोष्टी काढल्या. उघडीचं अंग पिळतंय, धावपट्टीवर चाक सुटलं तर डोक्यावर टप न्हाय, हूड फडफडून फाटंल. एवढ्यानं भागेना म्हणून चक्क खोटं बोलला. "बंद गाडी चार सेकंद लवकर आली, शेठ." खरं तर उघडीच एक सेकंदानं पुढं होती.

"चार?" शेठनं भुवया चढवल्या. "माझा विश्वास नाय. तुझं वजन होतं ना हिच्यात! मी एकटा फिरून येतो. मग ठरवू."

"वजन तर दोन्ही गाड्यांत होतं, शेठ!"

पण शेठ ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. चहा घेऊन निघतो म्हणून तो बंगल्यात शिरला.

भागोजीची बायको वेणूबाई बोंबील उलटत होती. तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं आणि हातातलं काम टाकून आली. त्यानं सगळं सांगितलं, दादाची हाकसुद्धा.

"आवो, मंग सांगा ना त्याला!"

"हसंल तो."

"हसू दे की! हसून कुनी मरत न्हाय. तुमाला जमत न्हाय तं मी सांगते."

"तू गप ऱ्हा. मालकापुढं इज्जत घालवतेस काय माझी?"

त्याच्याकडे बघून वेणूबाईनं एकदाच मान हलवली आणि ती टोपलीकडे परत गेली. आणि हा शहाणा काय करतो, तर उघड्या गाडीचं हूड ओढून बसवायला लागतो, तेवढंच कान झाकतील म्हणून! शेठ आला, हसला, हूड पुन्हा मागं टाकलं आणि निघाला.

भागोजीच्या हातात घड्याळ चालू होतं. गाडी लहान होत गेली, खडकाशी पोचली, वेग कमी झाला. उन्हात स्वच्छ दिसत होतं. शेठनं मान पाण्याकडे वळवली. मग एक हात वर केला, फलाटावर आपलं माणूस दिसल्यावर करतो तसा. तोंडही हललं असेल, ते एवढ्या लांबून कळलं नाही. गाडी घसरली नाही, चाक सुटलं नाही. तिनं सावकाश, व्यवस्थित वळण घेतलं आणि ती सरळ दर्यात गेली.

भागोजी ओरडत धावला. होड्या गेल्या, माणसं बुडी मारून आली. भरती यायच्या आत दोरखंड बांधून गाडी ओढून काढली. सीटवर शेठचा एक बूट होता. शेठ सापडला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

फौजदारानं विचारलं तेव्हा भागोजी म्हणाला, उघड्या गाडीचं अंग वळणावर पिळतं, म्हणून ताबा सुटला. फौजदारानं तसं लिहून घेतलं. घरी येऊन भागोजी भिंतीकडे तोंड करून पडला. वेणूबाई त्याला एका शब्दानं टोचून बोलली नाही, आणि तेच त्याला सोसेना. "मी मारला गं त्याला," तो म्हणायचा. "लाजेपायी मारला." तिनं नाही म्हटलं नाही. नुसती जवळ बसून राहायची.

तीन आठवड्यांनी शेठच्या जावयाचा निरोप आला. बंद गाडी घेऊन मुंबईला ये, व्यापाऱ्याला परत करायची आहे. तुझी नोकरी आहे तशीच राहील. वेणूबाईला हायसं वाटलं. दर्यापासून लांब जाईल तेवढं बरं, म्हणून तिनं रातोरात त्याचे कपडे धुवून वाळवले.

सकाळी भागोजी बंगल्याच्या फाटकाशी गाडी पुसत होता. वेणूबाई भाकऱ्यांचं फडकं घेऊन आली होती. पाणी पार उतरलं होतं, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं आरसा पुसला, चाकांतली हवा बघितली, बॉनेट उघडून तेल तपासलं. हात कामात गुंतले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. दोन तासांत पेण मागं पडेल, असा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता. सदाची हाक आली असती तर तो सावध होता. दातांखाली जीभ धरायची, एवढंच. तीन आठवडे तो ह्याच तयारीत होता.

"भागोजी, गाडी काढ!"

रोजच्यासारखी. जरा घाईची, जरा त्रासलेली.

"काढली, शेठ!" भागोजी म्हणाला आणि बॉनेट खाली टाकलं.

वेणूबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. हाक तिला ऐकू आली नव्हती. तिनं फक्त त्याचा आवाज ऐकला होता. ती धावत आली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं.

"कुनाला ओ दिलीत?" ती विचारत होती. "आवो, बोला ना, कुनाला ओ दिलीत?"

भागोजी तिच्या हातांवरून पाण्याकडे बघत होता. शेठ काही पुन्हा हाक मारत नव्हता.