कानसेन

"पंप गेलाय बाई तुमचा," मागच्या सीटच्या खड्ड्यातून डोकं वर काढत तो म्हणाला. "खलास."

"अहो मिस्त्री, पण आत्ता वाजला की तो," स्टिअरिंगपाशी बसलेल्या शाळेतल्या बाई म्हणाल्या. "मी किल्ली फिरवली तेव्हा मागून गुंऽऽ असा आवाज आला."

"काय?"

"गुंऽऽ असा आवाज आला, म्हटलं!"

"तो दुसरा कसला तरी असेल. पंपाचा आवाज मला नका शिकवू."

चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गार करणाऱ्या बाई त्या, पण गाडीच्या बाबतीत कानसेनपुढे कोण बोलणार?

कानसेन हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. गाडी फाटकातून आत येते न येते तोच, पाठमोरा उभा राहून हा माणूस सांगायचा की बेअरिंग वाजतंय की पट्टा घसरतोय. "त्याला गाडी दाखवायची नसते, ऐकवायची," असं लोक एकमेकांना सांगायचे. तीस वर्षं या कानांच्या जोरावर त्याचं घर चाललं होतं. नव्या गाड्यांचा दोष वाचून दाखवणारं उपकरण त्याने कधी घेतलंच नाही. "माझ्या डोक्याला दोन्ही बाजूंनी उपकरणं बसवूनच पाठवलंय," म्हणायचा आणि आपल्याच विनोदावर खूश व्हायचा.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र जगाला काहीतरी झालं होतं. लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी नुसते ओठ हलवायची. नव्या गाड्यांची इंजिनं तर काय, अगदीच मुळमुळीत. बायकोने दोनदा सुचवलं, एकदा डॉक्टरला कान दाखवून या. ते त्याने कानामागे टाकलं. कानसेनचे कान गेले तर मागे उरणार काय, हा विचार आला की तो कुणावर तरी खेकसायचा.

बाईंची गाडी सकाळी दोरी लावून ओढत आणली होती. किल्ली दिली की सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन घुसळायचं, पण पेटायचं नाव नाही. चार वाजता बाईंना आईला घेऊन दवाखान्यात जायचं होतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज पट्टी निघायची होती. म्हातारीने सांगून ठेवलं होतं, पट्टी काढल्यावर पहिलं तोंड लेकीचं बघणार.

कानसेनने प्लग काढून पाहिला. ठिणगी चांगली निळी पडत होती, पण प्लग ठणठणीत कोरडा. म्हणजे पेट्रोल आत पोचत नव्हतं. इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं. किल्ली अर्धी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. ते ऐकायला त्याने मागची सीट उचलून टाकीच्या झाकणाला कान लावला. ऐकू आली ती नुसती एकसुरी घरघर, जी हल्ली दिवसभर असायची.

"अगं, ते मशीन बंद कर जरा!" तो कोपऱ्याकडे बघून ओरडला. तिथे त्याची बायको सीटची कव्हरं शिवायची.

"बंदच आहे," ती म्हणाली. तिच्या हातात सुई होती.

त्याने ते ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नाही असं ठरवलं.

मग काय, पंप काढला. नवा आणला, बसवला, चार नळ्या जोडल्या. बारा वाजले. घामाघूम होऊन त्याने स्वतः किल्ली फिरवली. इंजिन घुसळलं, घुसळलं, आणि पेटलं नाही. त्याने फ्यूज बदलला, रिले बदलला. पुन्हा झाकणाला कान लावला. पुन्हा तीच घरघर.

"हा पण मेलेला!" हातातला पाना त्याने फरशीवर आपटला. "हल्ली माल म्हणजे नुसता कचरा. डबा चकचकीत, आत दगड. थांबा बाई, त्याच्याच डोक्यावर नेऊन आपटतो."

"अहो, जेवून तरी जा," बायको म्हणाली.

नवा पंप पुन्हा बाहेर काढून, जुनाही सोबत फडक्यात गुंडाळून तो तणतणत निघाला. स्पेअर पार्टच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत त्याने दुकानदाराची यथास्थित खरडपट्टी काढली. दुकानदार जुना ओळखीचा. त्याने वाद घातला नाही. बॅटरी ओढली, दोन वायरी नव्या पंपाला लावल्या.

"घे. वाजतोय की!"

कानसेन बघत राहिला. काउंटरवर झाकणात ठेवलेले बारके स्क्रू थरथरत होते. शेजारच्या गिऱ्हाइकाने मान डोलावली. कानसेनने पंपावर हात ठेवला. तळव्याला मुंग्या आल्या. पंप जिवंत होता. जोरात चालला होता. आणि त्याच्या कानांत दिवसभराची ती घरघर सोडून काही नव्हतं.

"हा पण लाव," त्याने फडक्यातला जुना पंप पुढे केला.

जुनाही तसाच थरथरला.

"हा तर नव्यापेक्षा खणखणीत वाजतोय," दुकानदार हसला. "काय रे कानसेन, आज कान घरी विसरलास की काय?"

तिन्ही गिऱ्हाइकंही हसली. कानसेनही हसला. दुकानदाराने नवा पंप कुरकुर न करता परत घेतला, तेच त्याला जास्त लागलं. भांडला असता तर बरं झालं असतं. परतताना तो रस्त्यात दोनदा थांबला. एका थांबलेल्या गाडीजवळ उगाच उभा राहिला. धूर दिसत होता, बॉनेट हलताना दिसत होतं. त्याला स्वतःचा असा संताप आला की त्या गाडीला लाथ घालावीशी वाटली.

गॅरेजमध्ये येऊन त्याने जुना पंप जागेवर बसवला. मग बायकोजवळ गेला.

"तू ये जरा. इथे कान लाव."

तिने सुई खोचून ठेवली, आली, गुडघ्यांवर बसली. बाईंनी किल्ली फिरवली.

"वाजला," ती सरळ त्याच्या तोंडाकडे बघत, सावकाश म्हणाली. "दोन सेकंद. मग थांबला. सकाळीही वाजला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला उठले होते. तुम्ही पंप सोडवायला लागला होतात. तुमच्या हातात पाना असला की तुम्हाला काही सांगता येतं का?"

तीन वाजायला आले होते. बाई घड्याळाकडे बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. भाड्याची गाडी बोलवा म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मग ही गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाणार, तिथला माणूस विचारणार, आधी कुणी बघितली होती?

तो बॉनेटखाली शिरला. पंप चालतोय, ठिणगी पडतेय, तरी प्लग कोरडा. मग पेट्रोल आत फवारणारे चार इंजेक्टर राहिले. एरवी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून तो त्यांची टकटक ऐकायचा. त्याने सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला, क्षणभर धरला आणि परत खाली ठेवला. मग बोटांचं तेल पुसून पहिल्या इंजेक्टरवर बोटं टेकवली.

"द्या बाई सेल्फ."

इंजिन घुसळू लागलं. सगळं हलत होतं, पण त्या हलण्याच्या आत एक बारीक टकटक बोटांना लागायला हवी होती. ती नव्हती. दुसऱ्यावर नव्हती. तिसऱ्यावर, चौथ्यावर नव्हती. चारही एकदम मरत नाहीत. म्हणजे वायर. तो बोटांनी वायर चाचपत इंजिनाच्या मागे गेला. हात कोपरापर्यंत अडकला, मनगट सोललं. आणि एका जागी काळी टेप संपून बोटाला तांब्याचे केस टोचले. शेजारीच कागदाच्या कपट्यांचं घरटं होतं. एका कपट्यावर लाल शाईची बरोबरची खूण.

"उंदीर," तो म्हणाला. "पोरांचे पेपर खाऊन वर वायर चघळलीय."

"अगं बाई! आठवडाभर गाडी जागची हलली नाही. आईच्या ऑपरेशनमुळे."

दहा मिनिटांत त्याने वायर जोडली, टेप गुंडाळली. आता जोड टिकतो की नाही ते बघायला हवं होतं. टॉर्च घेऊन तो जोडावर नजर रोखून वाकला.

"द्या सेल्फ!"

पट्टा फिरायला लागला. जोडाला काही झालं नाही.

"द्या, अजून द्या! सोडू नका! अजून!"

पट्टा फिरतच होता. इतका वेळ सेल्फ मारला तर बॅटरी बसणार, याचं भान या बाईंना कसं नाही? चिडून त्याने मान वर केली.

बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. हातात पर्स होती. बायकोही येऊन उभी राहिली होती. गाडी कधीचीच चालू झाली होती.

त्याने फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. मग बाईंच्या जवळ सरकला. ही गोष्ट चारचौघांत बोलायची नव्हती, म्हणून त्याने आवाज अगदी खाली आणला आणि हळूच, फक्त बाईंपुरतं सांगितलं,

"बाई, सकाळी तुम्ही बरोबर होता. पंप वाजत होता. मला ऐकू येत नाही."

रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याचा हातोडा वरच्या वर थांबला. बाकावर पेपर वाचत बसलेल्या दोघांनी पेपर खाली केला. गाडी धुणारा पाणी तसंच वाहतं सोडून इकडे बघत राहिला.

कानसेनने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि आपण किती हळू बोललो ते त्याला कळलं.

"हो," त्यांच्याकडे बघत तो म्हणाला. "नाही येत."

आणि वाकून त्याने बॉनेट लावलं.